‘वाडा चिरेबंदी’ आणि मेलोड्रामाची धास्ती : काही गैरसमज

नाटक संपून लोक सभागृहाबाहेर आले की दोन शेरे हमखास कानावर पडतात. ‘अगदी आपल्या घरातलं वाटलं’ हा कौतुकाचा आणि ‘शेवटी फार मेलोड्रामा झाला’ हा तक्रारीचा. पहिला मिळाला की नाटक चांगलं, दुसरा मिळाला की पडलं, असा हिशेब आपण मनाशी पक्का करून टाकला आहे. महेश एलकुंचवारांच्या नाटकांनी हा हिशेब खोटा ठरवून चाळीसेक वर्षं होत आली. तरी नागपुरात, म्हणजे त्यांच्याच गावात, तो अजून बिनदिक्कत चालतो.

मी जरीपटक्यात राहतो. इथून सिव्हिल लाइन्सच्या वसंतराव देशपांडे सभागृहात नाटकाला जाणाऱ्यांत सिंधी शेजारी असतात, इंदोऱ्याचे आंबेडकरी मित्र असतात आणि भंडारा-गोंदियाकडून येऊन इथे स्थिरावलेली, झाडीपट्टीची नाटकं बघत वाढलेली माणसंही असतात. त्यांच्याशी बोलताना जे गैरसमज पुन्हा पुन्हा समोर येतात, ते एकदा नीट मांडून बघावेत असं फार दिवस मनात होतं.

गैरसमज : निसर्गवाद म्हणजे आयुष्य जसंच्या तसं रंगमंचावर ठेवणं.

एमिल झोलाने 1881 साली रंगभूमीवरच्या निसर्गवादाची बाजू मांडली तेव्हा त्याचं म्हणणं याहून खोल होतं. माणूस घडतो तो त्याच्या रक्तातून, घरातून, पैशातून आणि काळातून. म्हणून ते घर, तो पैसा रंगमंचावर दिसला पाहिजे, रंगवलेल्या पडद्यावर भागणार नाही. 1887 साली पॅरिसमध्ये आंद्रे आंत्वानने स्वतःची नाट्यसंस्था काढली आणि खाटकांवरच्या एका नाटकात खरंखुरं मांस टांगलं. आजही निसर्गवाद म्हटलं की लोकांना तेवढंच आठवतं. पण ते मांस कुठे टांगायचं, प्रेक्षकांच्या नजरेला ते कधी पडू द्यायचं, हे कोणीतरी ठरवलेलंच होतं. निसर्गवाद ही निवड आहे, आणि ती फार कडक निवड आहे.

‘वाडा चिरेबंदी’ पाहा. विजया मेहतांनी 1985 साली ते रंगमंचावर आणलं. धरणगावच्या देशपांड्यांच्या वाड्यात तात्याजी वारले आहेत. मुंबईहून सुधीर बायकोला, अंजलीला, घेऊन येतो. थोरला भास्कर आणि वहिनी घर सांभाळतात. तेरवी घराण्याच्या इभ्रतीला साजेशी झाली पाहिजे आणि पैसा कुठेच नाही. दारात ट्रॅक्टर गंजत पडला आहे. गडीमाणसं उरली नाहीत म्हणून चंदू, घरातलाच मुलगा, पायाला जखम घेऊन दिवसभर राबतो. प्रभाला शिकायचं होतं, घराण्याच्या अब्रूपायी तिला शिकू दिलं नाही.

यातली एकही गोष्ट सहज आलेली नाही. गंजका ट्रॅक्टर म्हणजे शेतीत काहीतरी नवं करण्याच्या शेवटच्या उमेदीचा सांगाडा. चंदूचा पाय म्हणजे वतनदारी गेल्यावर कष्ट कोणाच्या अंगावर येऊन पडले त्याचा पुरावा. विदर्भासाठीचा कूळकायदा 1958 सालचा, जमिनीच्या कमाल मर्यादेचा कायदा 1961 सालचा. नाटकात या कायद्यांवर कोणी भाषण देत नाही. ते कायदे घरात शिरल्यावर जेवणाच्या पंगतीत, झोपायच्या खोल्यांत, भावाभावांच्या बोलण्यात काय होतं, तेवढंच दिसतं. झोलाला हेच हवं होतं.

गैरसमज : मेलोड्रामा म्हणजे पडेल नाटक.

मेलोड्रामाचं काम सोपं करून सांगायचं तर असं : मनात दाबलेलं सगळं तो बाहेर काढतो. गुपित फुटतं, चोरी उघडकीला येते, कोणी घर सोडतं, कोणी मरतं, आणि खालून संगीत वाजत असतं. एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिस-लंडनच्या सामान्य प्रेक्षकाला हेच नाटक आवडलं, कारण जे त्याला मालकासमोर बोलता येत नव्हतं ते तिथे कोणीतरी मोठ्या आवाजात बोलत होतं. पुढे शिकलेल्या वर्गाने त्याची चेष्टा सुरू केली आणि ती चेष्टा आपणही उचलली.

मराठीत या चेष्टेचं पहिलं लक्ष्य राम गणेश गडकरी. जरीपटक्यातून मानकापूर गाठून कोराडी रस्त्याला लागलं की पुढे सावनेर येतं. तिथे 23 जानेवारी 1919 रोजी गडकरी वारले. ‘एकच प्याला’ गंधर्व नाटक मंडळीने त्याच वर्षी, त्यांच्या मागे, रंगमंचावर आणलं. दारुडा नवरा, सोशिक सिंधू, बाळाचा मृत्यू, शेवटी विष. मेलोड्रामाचं सगळं साहित्य इथे हजर आहे. पण सुधाकर दारूला लागतो कशामुळे? कोर्टातल्या अपमानामुळे, वकिलीची सनद काही काळ हातातून गेल्यामुळे. आणि सिंधू दुःखात नुसती रडत बसत नाही. ती दुसऱ्यांचं दळण दळते. एका सुशिक्षित, नोकरदार-वकील वर्गातल्या घराचा पैसा आटला की काय काय होतं, याचं इतकं बारीक निरीक्षण त्या काळात दुसरीकडे क्वचितच सापडेल. गडकऱ्यांची भाषा अलंकारांनी ओथंबलेली आहे, त्यामुळे हे निरीक्षण आपल्या लक्षात येत नाही, एवढंच.

नागपूरचंच आणखी एक उदाहरण. रंजन कला मंदिराचे पुरुषोत्तम दारव्हेकर यांचं ‘कट्यार काळजात घुसली’ 1967 साली रंगमंचावर आलं. राजदरबार, दोन घराण्यांचं वैर, एक खून माफ असलेली कट्यार, आणि वसंतराव देशपांड्यांचं गाणं. त्याच वर्षी ‘सत्यकथे’त ‘सुलतान’ ही एकांकिका छापून आली आणि एलकुंचवार हे नाव मराठी वाचकांपुढे आलं. एकाच शहरातून एकाच वर्षी निघालेल्या या दोन वाटांकडे आपण ‘लोकप्रिय’ आणि ‘गंभीर’ अशा पाट्या लावून पाहत आलो. मला त्या पाट्या खोट्या वाटतात. ‘कट्यार’मधला खाँसाहेब हा हरलेल्या माणसाचा अभ्यास आहे, आणि ‘वाड्या’त दागिन्यांच्या पेटीची गोष्ट आहे.

गैरसमज : ‘वाडा चिरेबंदी’त मेलोड्रामा नाहीच.

आहे, आणि भरपूर आहे. बापाचा मृत्यू. कर्ज. पिढीजात दागिने. शिकवणीच्या मास्तराबरोबर, सिनेमाच्या स्वप्नापायी, तेच दागिने घेऊन पळालेली भास्करची मुलगी रंजू. वाटणीवरून भावांची धुसफूस. हा सगळा ऐवज एखाद्या संगीत नाटकाच्या कर्त्यानेही आनंदाने घेतला असता.

फरक मांडणीत आहे. रंजूचं जाणं एलकुंचवार आपल्याला दाखवत नाहीत. घर जागं होतं आणि ती नाही हे कळतं. मेलोड्रामाचा सगळ्यात मोठा प्रसंग असा पडद्याआड ठेवल्यामुळे रंगमंचावर उरतात ती माणसं : मुलीची काळजी आणि सोन्याची काळजी यांतली कोणती आधी जिभेवर येते, या धाकात उभी असलेली. उलट जिथे काहीच घडत नाही तिथे ते थांबतात. रात्री पेटी उघडून वहिनी घराण्याचे दागिने अंगावर चढवते, तो प्रसंग घ्या. गोष्ट पुढे सरकत नाही, कोणी ओरडत नाही. पण आयुष्यभर चुलीपाशी वाकलेल्या बाईच्या अंगावर तेवढ्या वेळापुरतं सगळं घराणं येऊन बसतं. मराठी रंगभूमीवर यापेक्षा मोठा भावनिक उद्रेक मला आठवत नाही, आणि तो जवळजवळ मुका आहे.

तात्याजींच्या आईचं, दादीचंही तसंच. मुलगा गेला हे जिच्यापर्यंत पोचतच नाही अशी म्हातारी त्यालाच हाका मारते, हे ऐकायला किती ‘रडवणारं’ वाटतं! नाटकात ती हाक घरातल्या रोजच्या आवाजांतला एक आवाज होते. इतरांना ती सवयीची झाली आहे, म्हणून आपल्याला असह्य होते.

म्हणून ‘निसर्गवादी असूनही भावनाप्रधान’ असं या नाटकाबद्दल लिहिलं जातं तेव्हा मला ते पटत नाही. भावना इथे इतक्या वर चढतात त्याच मुळी घराचा, पैशाचा, कामाचा हिशेब पक्का आहे म्हणून.

गैरसमज : सुरुवातीची नाटकं म्हणजे पाश्चात्त्यांकडून उसनी आणलेली खळबळ.

एलकुंचवार मूळचे यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचे, जन्म 1939 चा. नागपुरात सिनेमाचं तिकीट मिळालं नाही म्हणून ते विजया मेहतांनी बसवलेलं, तेंडुलकरांचं ‘मी जिंकलो! मी हरलो!’ बघायला गेले आणि तिथून नाटक लिहायच्या वेडाला लागले, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. पुढे ‘होळी’, ‘रुद्रवर्षा’, ‘यातनाघर’, ‘गार्बो’, ‘वासनाकांड’. बहीण-भावाच्या शरीरसंबंधांवरच्या ‘वासनाकांड’चा प्रयोग अमोल पालेकरांनी केला आणि परिनिरीक्षण मंडळाशी त्यांना झगडावं लागलं. ‘असलं आपल्यात नसतं, हे बाहेरून आणलंय’ हा आरोप तेव्हापासून चिकटला.

इथे थोडं दूर, ब्राझीलला जाऊ. नेल्सन रॉड्रिग्ज (1912-1980) हा तिथला आधुनिक नाटकाचा जनक मानला जातो. 1943 साली रिओत झालेल्या त्याच्या ‘नवरीचा पोशाख’ या नाटकात वास्तव, आठवण आणि भ्रम असे तीन थर रंगमंचावर एकाच वेळी चालत. ‘कुटुंबाचा अल्बम’ या त्याच्या नाटकात एका प्रतिष्ठित घरातले निषिद्ध संबंध एकामागून एक उघडे पडतात. 1946 साली त्यावर बंदी आली आणि ते रंगमंचावर यायला 1967 साल उजाडलं. ‘वासनाकांड’ वाचताना त्याची आठवण येणं साहजिक आहे. एकाने दुसऱ्याचं उचललं असं मला मुळीच म्हणायचं नाही. लॅटिन अमेरिकेतलं सनातनी कॅथलिक घर आणि विदर्भातलं सनातनी ब्राह्मण घर, दोन्हीकडे दारं तितकीच घट्ट बंद होती, म्हणून आतली घुसमट सारखी दिसते.

रॉड्रिग्जचं आयुष्य मात्र मला फार शिकवून गेलं. त्याच्या वडिलांचं वर्तमानपत्र होतं आणि तो कोवळ्या वयापासून गुन्ह्यांच्या बातम्या लिहीत असे. 1929 साली एक बाई त्यांच्या कचेरीत शिरली. तिच्या संसारातल्या भानगडीची बातमी छापली गेली होती. ती वडिलांना मारायला आली होती. ते नव्हते, म्हणून तिने थोरल्या भावाला, रॉबेर्तुला, गोळी घातली. नेल्सन तेव्हा 17 वर्षांचा होता. काही महिन्यांतच वडीलही गेले. पुढे त्याने बाईच्या टोपणनावाने भरमसाट भावुक कादंबऱ्या वर्तमानपत्रांत क्रमशः लिहिल्या, 1951 पासून वर्षानुवर्षं ‘आयुष्य जसं आहे तसं’ या नावाचं कथांचं सदर चालवलं, आणि त्याच मालातून रिओच्या साध्या वस्त्यांतली नाटकं उभी केली. ‘डांबरावरचं चुंबन’ (1961) मध्ये गाडीखाली सापडलेला एक अनोळखी माणूस मरता मरता चुंबन मागतो आणि नायक ते देतो. एक बातमीदार आणि एक पोलीस अधिकारी मिळून त्या दयेच्या कृतीची भानगड करतात, नायकाचं घर, नोकरी, बायको सगळं जातं, आणि शेवटी सासऱ्याच्या हातातलं पिस्तूल एक भलतंच गुपित उघडं करतं. शेवट निखळ मेलोड्रामाचा आहे. पण कचेरीतल्या आणि पोलीस ठाण्यातल्या त्या माणसांची बोली, त्यांचा चिवटपणा, बातमी पिकवण्याची पद्धत, हे सगळं बातमीदाराच्या डोळ्याने टिपलेलं आहे. ज्याच्या भावाचा खून एका बातमीपायी झाला, त्याला मेलोड्रामा अतिशयोक्त वाटणार कसा?

आता ‘वासनाकांड’कडे परत येऊ. त्यात दोष आहे, पण तो उसनेपणाचा नाही. त्या नाटकातल्या हेमकांत-ललिताच्या घरात कोणी भाजी आणत नाही, वाण्याची उधारी थकत नाही. शब्द पेटलेले आहेत आणि खाली जमीन नाही. दहा-बारा वर्षांनी त्याच नाटककाराने धरणगावच्या घराची उधारी मांडली आणि तोच दाह सहन होईनासा झाला. एलकुंचवारांच्या वाढीचं मला समजलेलं मर्म हेच आहे. ‘होळी’ मात्र पहिल्यापासूनच जमिनीवर होतं, कारण वसतिगृहातली पोरं, त्यांची भूक आणि टवाळी, एका दुबळ्या मुलावर तुटून पडणं, हे इंग्रजी शिकवणाऱ्या या प्राध्यापकाने जवळून पाहिलेलं जग होतं. केतन मेहतांनी 1984 साली त्यावर चित्रपट केला.

गैरसमज : ‘वाडा’ म्हणजे वऱ्हाडातला चेखव्ह.

चेखव्हचं नाव घेण्यात गैर नाही, ‘वाड्या’च्या त्रयीतलं दुसरं नाटक, ‘मग्न तळ्याकाठी’, वाचताना तर ते टाळता येत नाही. पण ‘चेरी बाग’ (1904) मध्ये मालमत्ता विकली जाते आणि माणसं निघून जातात. धरणगावची माणसं जाऊ शकत नाहीत, हे त्यांचं दुःख आहे. आणि त्रयीचं तिसरं नाटक, ‘युगान्त’, पाण्याचा थेंब नसलेल्या उजाड मुलखात भास्करचा मुलगा पराग आणि सुधीरचा परदेशातून आलेला मुलगा अभय यांना समोरासमोर बसवतं. तिथे निसर्गवादाची चौकट गळून पडलेली असते. साहित्य अकादमी पुरस्कार 2002 साली मिळाला तो याच नाटकाला. चंद्रकांत कुलकर्णींनी 1994 मध्ये ‘आविष्कार’साठी तिन्ही नाटकं सलग, आठ-नऊ तास केली, तेव्हा ही चाल एका बैठकीत दिसली होती. एकेक नाटक सुटं पाहून एलकुंचवारांना ‘घरगुती वास्तववादी’ म्हणणाऱ्यांनी निदान तिन्ही संहिता एका पाठोपाठ वाचाव्यात.

गैरसमज : वऱ्हाडी बोली हसवण्यासाठी.

मराठी रंगभूमीने फार काळ ती तशीच वापरली : गडी, रखवालदार, गावंढळ पाहुणा. ‘वाड्या’त त्याच वळणाच्या बोलीत सुतक पाळलं जातं, जमिनीचं बोललं जातं, मुलगी पळाल्याचं कळतं. कोकणस्थ अंजलीची प्रमाण भाषा तिथे परकी ठरते. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाने ते न हसता ऐकलं, हा या नाटकाचा मोठा विजय आहे.

गैरसमज : वाड्याचं दुःख फक्त देशस्थ ब्राह्मणांचं.

जरीपटक्यात हे वाक्य टिकत नाही. ही वस्ती फाळणीनंतर सिंधमधून निघालेल्या कुटुंबांनी उभी केली. मागे राहिलेलं घर, बरोबर आणता आलेलं थोडंसं सोनं, आणि त्या सोन्यावरून सासू-सुनांत, भावाभावांत पिढ्यान् पिढ्या चाललेलं बोलणं या गल्ल्यांना समजावून सांगावं लागत नाही. सिंधी प्रेक्षकाला धरणगाव कुठे आहे हे माहीत नसेल, पण पेटी उघडते तेव्हा ती काय आहे हे त्याला कळतं.

शेजारच्या इंदोऱ्यातून येणारा प्रश्न निराळा आहे आणि तो टाळू नये. वाड्याचे चिरे कोणी वाहिले? वाडा ढासळताना बाहेर उभ्या असलेल्यांना काय वाटलं? नाटक याचं उत्तर देत नाही. आतल्यांच्या डोळ्यांनी पाहिलेल्या नाटकाची ती मर्यादा आहे, आणि ती मान्य केल्याने नाटक लहान होत नाही. उत्तर इतरांनी लिहिलं. चंद्रपूर जिल्ह्यातून आलेल्या प्रेमानंद गज्वींनी ‘घोटभर पाणी’ 1977 साली लिहिलं, दोन नटांत, जवळजवळ रिकाम्या रंगमंचावर. पुढे ‘किरवंत’मध्ये त्यांनीच ब्राह्मणांतल्या अंत्यविधी करणाऱ्या, म्हणून त्यांच्याच जातीत वाळीत पडलेल्या माणसाचं दुःख मांडलं, डॉ. श्रीराम लागूंनी त्याचा प्रयोग केला. ‘वाडा’ आणि ‘किरवंत’ ही दोन नाटकं शेजारी ठेवून वाचली की मरण, तेरवी आणि पैसा यांचा एकमेकांशी असलेला संबंध दोन्ही बाजूंनी दिसतो.

गैरसमज : झाडीपट्टीचं नाटक म्हणजे नुसतं रडगाणं.

नागपूरच्या शिकलेल्या प्रेक्षकाचा हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात अन्यायाचा समज. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात दिवाळीनंतरच्या मंडईपासून होळीपर्यंत रात्र रात्र नाटकं चालतात. गडचिरोलीतलं वडसा, म्हणजे देसाईगंज, हे त्याचं केंद्र. तिथल्या कंपन्या तिकिटाच्या पैशावर जगतात आणि शेतावरून आलेला माणूस ते तिकीट काढतो. 2023 साली झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा शहरातल्या अनेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं, ही आपली लाज आहे.

त्या नाटकांत दारूने उद्ध्वस्त झालेला संसार असतो, सावकार असतो, हुंडा असतो, धान बुडालेला शेतकरी असतो. गाणी असतात, मध्येच हसवणूक असते, शेवटी ढसाढसा रडणं असतं. पण समोर बसलेल्या माणसासाठी सावकाराची नोटीस हे नाटकी वळण नसतं. त्याच्या घरात ती आलेली असते. मंचावरचा नट ओरडतो तेव्हा तो त्याच्या वतीने ओरडत असतो. तिथे सुमार नाटकं पुष्कळ होतात, शहरातही होतात. मात्र मेलोड्रामा म्हणून सगळंच झिडकारणारा प्रेक्षक ‘वाड्या’तल्या दागिन्यांच्या प्रसंगाला डोळे पुसतो, तेव्हा त्याचे डोळे आणि त्याचं मत यांचा मेळ बसत नाही.

‘वाडा चिरेबंदी’चा प्रयोग नागपुरात लागला तर चुकवू नका, लागला नाही तर तिन्ही संहिता वाचा, ‘एकच प्याला’ पुन्हा उघडा. आणि येत्या हंगामात एक रात्र वडशाच्या बाजूला काढा, पहाटेपर्यंत बसा, तिथे रडणाऱ्या माणसांच्या शेजारी बसा. त्यानंतर मेलोड्रामाबद्दल जे मत होईल ते खरं तुमचं असेल.